खारपाणातली सायकल

वऱ्हाड सायकलवरून पाहायचा तर अकोल्याहून म्हैसांग, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा करत चिखलदरा गाठावा. आधी सपाट काळी जमीन, मग पानमळे, शेवटी सातपुड्याचा घाट.

१९९१ साली, बी.ए.ची परीक्षा आटोपून, मी आणि एक मित्र निघालो. मे महिना. (शहाणपण कुठलं त्या वयात!) दर्यापूरच्या अलीकडेच बाटल्या संपल्या. पूर्णेकाठचा हा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणीच खारट. विहिरी दिसतात, तहान भागत नाही.

एका घरी पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या भरून दिला. मी चार घोट प्यालो आणि उरलेलं तोंडावर मारलं.

"बाबू, थे पेवाचं पानी हाय," ती एवढंच बोलली.

लांबून डोक्यावर आणलेलं गोडं पाणी होतं ते. घरी वजूचं पाणी जास्त सांडलं तरी अब्बा रागवायचे, आणि मी इथे हे करून बसलो. मित्र हसला, मला काही हसू येईना. शहानूर धरणाचं पाणी त्या भागात नळाने आलं, ते फार पुढे.

निघताना तिने बाटलीही भरून दिली. नको म्हटलं, ऐकलं नाही. अंजनगावला हापशीचं पाणी गोड लागलं, पोटभर प्यालो. बाटलीतलं मात्र घाटापर्यंत राखलं.