जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स



मोटारीचें इंजिन बिघडलें, म्हणजे तें बंद पडून आपली तक्रार उघडपणें सांगतें. गिअरबॉक्सचा स्वभाव निराळा आहे. तो कुरकुरत, करकरत, प्रसंगीं चालकाच्या हातांतील दांडा झटकून टाकीत महिनेच्या महिने चालत राहतो. अखेर मालकाचा धीर सुटतो आणि ‘पेटी खोलून टाका’ असा हुकूम मिस्त्रीला मिळतो. मला आज एवढेंच सांगावयाचें आहे, कीं जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स खोलणें हा अखेरचा उपाय होय, पहिला नव्हे. त्याच्या बहुतेक दुखण्यांचें निदान झांकण न काढतां करतां येतें.

उदाहरणादाखल एक विशिष्ट गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें एम्. जी. कंपनीनें १९४५ ते १९४९ या काळांत ‘टी. सी.’ नांवाची दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार तयार केली. तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें, लांब नाक, १२५० घन सेंटिमीटरचें इंजिन आणि चार गिअरांची पेटी, असें तिचें रूप. अशा सुमारें दहा हजार गाड्या कारखान्याबाहेर पडल्या.

आतां अशी एखादी गाडी नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकीपाशीं सोडून राळेगांवच्या वाटेला लागली आहे, आणि तिचा गिअरबॉक्स विव्हळूं लागला आहे, अशी कल्पना करा. यवतमाळ जिल्ह्यांतील हा तालुका कापसाचा. तेथें एम्. जी. चे सुटे भाग मिळावयाचे नाहींत. परंतु कापसाच्या मुलखांत जिनिंगच्या यंत्रांवर हात बसलेला फिटर आणि लेथवर काम करणारा टर्नर भेटण्याचा संभव पुष्कळ. पट्टा, पुली, बेअरिंग आणि दांतेरी चाक हीं त्यांच्या रोजच्या ओळखीचीं. त्यांना हवी असते ती फक्त दुखण्याची नेमकी जागा. आणि ती दाखविणें हें मालकाचें काम आहे.

प्रथम पेटीच्या आंतील मांडणी समजून घेऊं. आंत तीन दांडे, म्हणजे शाफ्ट, असतात. पहिला क्लचमधून इंजिनाची गति आंत आणतो. त्याच्याच रेषेंत मागें मुख्य शाफ्ट असतो. तो ती गति मागच्या चाकांकडे नेतो. या दोहोंच्या शेजारीं तिसरा, लेशाफ्ट. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्यें शक्ति पहिल्या शाफ्टवरून लेशाफ्टवर आणि तेथून मुख्य शाफ्टवर असा वळसा घेते. चौथ्या, म्हणजे टॉप गिअरमध्यें मात्र पहिला व मुख्य शाफ्ट एकमेकांत सरळ अडकतात, आणि लेशाफ्ट भाराविना नुसता फिरत राहतो. एवढी एक गोष्ट ध्यानांत राहिली, कीं निम्मेंअधिक निदान हातीं आलें.

परीक्षेचा आरंभ तेलापासून करावा. गाडी थोडी चालवून तेल कोमट झाल्यावर तें पांढऱ्या इनॅमलच्या थाळींत काढावें आणि उन्हांत न्याहाळावें. करड्या रंगाचा बारीक गाळ हा वयाचा परिणाम. त्याचें भय नाहीं. पिवळसर सोनेरी चमक दिसली, तर कांशाचे भाग, म्हणजे बुश किंवा सिंक्रोमेशचे शंकु, झिजत आहेत. चुंबकाला चिकटणारे पोलादाचे पापुद्रे किंवा तुकडे निघाले, तर दांत अथवा बेअरिंग फुटत आहे. अशी गाडी पुढें एक मैलहि हांकूं नये. तेल दुधाळ असेल, तर आंत पाणी शिरलें आहे. नवें तेल भरतांनाहि सावध असावें. ‘जीएल-५’ जातीचें आधुनिक तेल मागच्या धुरीच्या दंतचक्रांना हितकारक, पण जुन्या गिअरबॉक्समधील कांशाच्या भागांना त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें बाधूं शकतात. शिवाय तें इतकें निसरडें असतें, कीं सिंक्रोमेशची पकड सुटते. गाडीच्या मूळ पुस्तिकेंत सांगितलेल्या दाटपणाचेंच तेल घ्यावें.

तेलानंतर क्लच. गिअर घालतांना करकर झाली, कीं दोष पेटीला दिला जातो. वास्तविक पुष्कळदां क्लच पुरता सुटत नसतो. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालूं ठेवून क्लचचें पेडल तळापर्यंत दाबावें, सावकाश दहा अंक मोजावे आणि मग रिव्हर्स घालावा. तरीहि दांत करकरले, तर पहिला शाफ्ट अजून फिरत आहे, म्हणजे गुन्हेगार क्लच आहे. पावसाळाभर शेडमध्यें उभ्या राहिलेल्या गाडीच्या क्लचची प्लेट गंजून चिकटण्याचा प्रकार तर नित्याचा. अशा वेळीं पेटी खोलणें म्हणजे दांत दुखत असतां कान कापण्यासारखें आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. गति जुळवून गिअर निमूटपणें बसविणारी सिंक्रोमेशची योजना अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत १९२८ मध्यें प्रथम आली. टी. सी. मध्यें ती दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरला आहे, पहिल्याला नाहीं. चालत्या गाडींत पहिला गिअर घालतांना होणारी करकर हा म्हणूनच रोग नव्हे. क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्यें आणावा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला किंचित् टोला द्यावा, आणि पुन्हां क्लच दाबून गिअर घालावा. जुन्या ट्रकांवर हात घासलेल्या चालकांना ही दुहेरी क्लचची विद्या अजून अवगत आहे. तिच्या अभावीं पुष्कळ निरोगी दांत झिजून गेले आहेत.

आतां आवाजाकडे वळूं. गाडी उभी, इंजिन चालूं, दांडा न्यूट्रलमध्यें. क्लच न दाबतां घरघर ऐकूं येते आणि दाबतांच थांबते, असें झालें तर दोष पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगांत किंवा लेशाफ्टमध्यें. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलें आहे. तें पेटीच्या बाहेर असतें. यानंतर गाडी चालवून पाहावी. पहिल्या तिन्ही गिअरांत आवाज आणि टॉपमध्यें शांतता, तर लेशाफ्ट व त्याचीं बेअरिंगें. एकाच गिअरमध्यें आवाज, तर त्या गिअरची जोडी. सर्व गिअरांत, आणि उतारावर न्यूट्रलमध्येंहि आवाज, तर मुख्य शाफ्टचें मागचें बेअरिंग, किंवा त्याहि मागें प्रॉपेलर शाफ्ट आणि धुरी.

दांडा आपोआप निसटत असेल, तर आधीं सोप्या कारणांचा विचार करावा. दांडा जागेवर धरणारी पोलादी गोळी व तिची स्प्रिंग पुष्कळ गाड्यांत झांकणाखालींच असतात. मोडकी स्प्रिंग थोडक्या पैशांत बदलतां येते. इंजिनाखालचें रबर बसल्यानें सगळी पेटीच हालत असते, असेंहि घडतें. हीं दोन्ही निर्दोष ठरल्यावरच झिजलेला फोर्क आणि गोलावलेले दांत यांचा संशय घ्यावा.

एवढें करूनहि पेटी खोलणें अटळ ठरलें, तर कांहीं पथ्यें पाळावीं. भाग काढतील त्या क्रमानें स्वच्छ कापडावर मांडावे आणि प्रत्येकाचें छायाचित्र घ्यावें. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा. तो पुसट असेल तर आंतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी मोजावी. या मापांवरून मोठ्या शहरांत नवें बेअरिंग पुष्कळदां मिळतें. दांतेरी चाकें जोडीनेंच बदलावीं. झिजलेल्याशीं नव्याची संगत जमत नाहीं. कांशाचा बुश गांवचा टर्नर उत्तम करून देईल. परंतु तुटलेला दांत वेल्डिंगनें भरून घेण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. त्या उष्णतेनें पोलादाला दिलेलें कठिण पाणी उतरतें, आणि भरलेला दांत पुढें शेजाऱ्यांनाहि घेऊन पडतो.

टी. सी. च्या बाबतींत आणखी एक चमत्कार आहे. तिचें इंजिन व गिअरबॉक्स मॉरिसच्या कॉव्हेंट्री येथील ज्या कारखान्यांतील परंपरेंतून आले, तो मॉरिसनें १९२३ मध्यें हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला होता. त्यामुळें नटबोल्टांचीं डोकीं इंग्रजी व्हिटवर्थ मापाचीं, पण आटे फ्रेंच मेट्रिक! पाना बसला म्हणून इंग्रजी आट्यांचा बोल्ट जोरानें पिळला, तर मूळ आटे कायमचे जातात.

या मूळपणाला आज कायद्याचीहि मान्यता आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या खासगी गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें नोंदणीचे स्वतंत्र नियम जाहीर केले. ही नोंदणी दहा वर्षांची असते, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन व दुरुस्ती अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणतां येते. परकी पेटी ठोकून बसविणें स्वस्त पडत असेल. पण गेलेला मूळ भाग पुन्हां येत नाहीं.

तर राळेगांवच्या वाटेवरील आपल्या गाडीचें काय? समजा, ती पहिल्या तीन गिअरांत विव्हळते, टॉपमध्यें शांत होते, आणि तेलांत पोलादाचे तुकडे नाहींत. मग ती त्या गांवीं खोलण्याचें कारण नाहीं. तेलाची पातळी पुरी करावी, आणि शक्यतों टॉपमध्यें, सावकाश, तिला नागपूरला न्यावें. तुकडे सांपडले असते, तर तीच गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून नेणें हाच शहाणपणा ठरला असता. दोन्हीं प्रसंगीं गाडी एकच, आवाजहि एकच. निर्णय केला तो थाळीभर तेलानें आणि पाव तासाच्या ऐकण्यानें. ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित गाडी झांकून ठेवलेली असेल, त्यांनीं मिस्त्रीला बोलावण्यापूर्वीं तेवढा पाव तास अवश्य काढावा, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.