तक्रार कुणाच्या भाषेत?
(वेळापूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. बहुतेकींची बोली तेलुगू. सोलापुरी चादरीचं नाव झालं त्यात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा मोठा वाटा आहे. या बायका त्यांच्याच लेकी-सुना.

अशी बाई कचेरीत बोलू लागली की ऐकावं लागतं, "मराठीत बोल. इतकी वर्षं इथं राहतेस ना?" व्यापारी गिऱ्हाइकाशी कन्नड बोलला तर हुशार, साहेब इंग्रजी बोलले तर शिकलेले, आणि विडी वळणारी तेलुगू बोलली तर अडाणी! राग भाषेचा असता, तर तिघांवरही निघाला असता.

यात तिचं काय नुकसान होतं? नवऱ्याने मारलं म्हणून ती पोलीस चौकीत जाते. "मराठी येणारं कुणी घेऊन ये," असं सांगतात. ती कुणाला आणणार? नवऱ्याला, दिराला, नाहीतर मुलाला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच किंवा त्याचाच माणूस दुभाषी. कागदावर म्हणणं त्याचं उतरतं, अंगठा मात्र तिचा. कारखान्यात मजुरी कापली, तरी हीच गत.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार, देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कुणालाही सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. बेळगावात मराठी माणसं सरकारी कागद मराठीत मागतात. मागणी रास्तच आहे. मग सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारीला तेच माप का नको?

तिने मराठी शिकावीच. त्यासाठी वर्गही आपणच चालवू. पण मार खाऊन आलेल्या बाईची आधी भाषेची परीक्षा घेऊ नये.

तुमच्या वेळापुरातून ज्ञानोबांची पालखी पंढरीला जाते. त्या विठ्ठलाला संतांनी प्रेमाने कानडा म्हटलं. देवाचं कानडेपण आपल्याला गोड लागतं. मग बाईचं तेलुगू का खुपावं?

तेव्हा आज एवढं ठरवू या. प्रत्येक मंडळात तेलुगू आणि कन्नड जाणणारी एकेक तरी कार्यकर्ती हवी. पोलीस चौकीत बाईसोबत तिने जायचं, घरच्या पुरुषाने नव्हे. लिहिलेला जबाब बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायचा. तिला पटला, तरच अंगठा.