परदेशीचा रस्ता ओलांडताना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या या आनंदाच्या वर्षात आम्ही काहीसा रूक्ष विषय निवडला आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु या सभागृहातील कितीतरी जणांची मुले-सुना, लेकी-जावई आज अमेरिकेत आहेत आणि दरवर्षी आपल्यापैकी कोणी ना कोणी तिकडे चार-सहा महिने राहून येतात. व्हिसा, औषधे, मेतकूट आणि भाजणी यांची चर्चा निघण्यापूर्वी दोन महिने चालते. तेथला रस्ता कसा ओलांडावा, याविषयी मात्र चकार शब्द निघत नाही. साठ वर्षे रस्ते ओलांडलेल्या माणसास ते काय शिकवायचे, असेच सर्वांस वाटते. वास्तविक ती साठ वर्षांची सवयच तेथे आडवी येते.

आपण मराठी मुलूख सोडून येथे आलो तेव्हा कानांवर पडणारी भाषा बदलली, दुकानांच्या पाट्यांवरील लिपी बदलली. रस्त्याची बाजू तेवढी बदलली नाही. भारतात कोठेही जा, वाहने डावीकडूनच चालतात. गोव्याचे उदाहरण तर मौजेचे आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक उजव्या बाजूस नेली, पण त्याच्याच सत्तेखालील गोवा डावीकडेच राहिला. शेजारचा सारा मुलूख डाव्या बाजूचा असता तो एकटा काय करणार! इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया येथेही आपलाच नियम आहे. अमेरिका, जर्मनी, दुबई येथे मात्र वाहने उजवीकडून धावतात.

आपल्याकडे दुहेरी रस्त्याचा पहिला अर्धा भाग ओलांडताना वाहन उजवीकडून येते आणि उरलेल्या अर्ध्या भागात डावीकडून. अमेरिकेत हे नेमके उलटे. बुद्धीला ही गोष्ट क्षणात पटते. मान मात्र जुन्याच बाजूस वळते. विन्स्टन चर्चिल यांच्यासारख्या चाणाक्ष पुरुषाचीही यातून सुटका झाली नाही. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर ते अर्धा रस्ता ओलांडून गेले. पुढचा धोका डावीकडूनच येणार, या इंग्लंडातील सवयीने त्यांनी डावीकडे पाहिले आणि उजवीकडून आलेल्या मोटारीने त्यांना उडविले. डोक्यास व छातीस जबर मार लागून त्यांना रुग्णालयात राहावे लागले. पुढे त्यांनी स्वतःच ही हकीकत लिहून प्रसिद्ध केली.

दुसरे उदाहरण एका अख्ख्या राष्ट्राचे. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. अपघातांचा कहर होईल, अशी भीती होती. प्रत्यक्षात आरंभी अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालत होता. लोक सरावले तसे ते प्रमाण पुन्हा पूर्वपदावर आले. यावरून आमचे असे मत झाले आहे की, परदेशातील पहिला दिवस विशेष धोक्याचा नसतो. त्या दिवशी आपण बिचकत, मुलाचा हात धरूनच चालतो. तीन आठवड्यांनी, एकट्याने फिरावयास जाण्याचा धीर आल्यावर, पावसाची सर आली किंवा समोर कोणी ओळखीचे दिसले की पाऊल घाईने पडते आणि सवय डोके वर काढते. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंस पाहावे आणि रस्त्याच्या मध्यावर पुन्हा दोन्ही बाजूंस पाहावे. ‘आता कोणती बाजू?’ हा विचार करीत बसूच नये.

चौकातील दिव्यांवरही सर्वस्वी विसंबून चालत नाही. पांढरा चालता माणूस दिसला की निघावे, लाल हात लुकलुकू लागला की नव्याने उतरू नये, इतके सर्व जण सांगतात. परंतु अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तांबडा दिवा असतानाही, गाडी पूर्ण थांबवून, वाट मोकळी असल्यास उजवीकडे वळण्याची मुभा असते. न्यूयॉर्क शहरात सहसा नसते. असा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत असतो आणि आपण त्याच्या उजव्या हातास उभे असतो. त्याने आपल्याला पाहिले, अशी खात्री पटल्यावाचून त्याच्या गाडीपुढून जाऊ नये. येथल्याप्रमाणे हात दाखवून भरधाव गाडी थांबविण्याचा प्रयोग तर तेथे मुळीच करू नये. मधेच कोणी रस्त्यात उतरेल, हे त्या चालकाच्या स्वप्नातही नसते.

स्वतः गाडी चालविणाऱ्यांनी येथूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो. राज्याराज्यांचे नियम निरनिराळे असल्याने मुलांकडून आधी चौकशी करावी. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी चाक हाती घेऊ नये.

आता आजी-आजोबांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. नातवंड रडू लागले की त्याला मांडीवर घेण्याचा मोह अनावर होतो. अमेरिकेतील प्रत्येक राज्यात लहान मुलास त्याच्या खास आसनात बांधणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितले असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली, तर बाळ आपल्या वजनाच्या कित्येक पट जोराने पुढे फेकले जाते. कितीही घट्ट कवटाळले तरी आजीचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. बाळ फारच कळवळले, तर गाडी सुरक्षित जागी उभी करावयास लावावी आणि मगच त्याला उचलावे. त्या आसनाचे पट्टे बांधणे आपण पहिल्याच दिवशी, उभ्या गाडीत, सुनेकडून किंवा मुलीकडून शिकून घ्यावे. ते बक्कल एका खेपेत बसत नाही. दोन-चारदा लावून-सोडवून पाहावे लागते.