ऊर्मिला पवार : भाकऱ्या बांधणाऱ्या बायकांचा इतिहास

मी भिलाईहून बोलतेय. आजोबा पोलाद कारखान्यात लागले आणि आम्ही भंडाऱ्याकडचे लोक छत्तीसगडचे झालो. माझं शिक्षण हिंदीत, मराठी घरापुरतीच. त्यामुळे ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नावापाशीच अडले. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना, म्हणजे सुपं, टोपल्या, रोवळ्यांना आयदान म्हणतात. ऊर्मिलाताईंची आई ती विणून विकायची.

1945 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली ही मुलगी. वडील शिक्षक, ती तिसरीत असताना गेले. मुलांना शिकव, एवढं आईला सांगून गेले आणि आईनं ते विणकामावर निभावलं. तयार टोपल्या घरोघर पोचवायचं काम मुलीकडे. गिऱ्हाईक लांबून पैसे टाकणार, हिनं ते उचलायचे. हे लिहिताना त्या कुठं रडत नाहीत. उलट गावच्या बायका डोंगर तुडवत, ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाताना काय काय बोलायच्या, ते इतकं मोकळं लिहिलंय की मी बसमध्ये एकटीच हसत होते.

पुढं लग्न, मुंबई, सरकारी नोकरी, आणि मुलंबाळं सांभाळून एम.ए. त्या शिक्षणाला नवऱ्याचा विरोध होता, तोही पुस्तकात आहे. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या माणसाच्या घरीसुद्धा बाईला स्वयंपाक झाल्यावरच वाचायला मिळतं, हे त्यांनी लपवलं नाही. आपल्या माणसांबद्दल असं लिहायला मला जास्त धीर लागतो असं वाटतं. दुसरीकडे स्त्रीमुक्तीच्या संघटनांत जातीचा विषय निघत नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे दोन्हीकडच्यांना न आवडणारं.

कथासंग्रहांत ‘सहावं बोट’ आहे, ‘चौथी भिंत’ आहे. ‘कवच’ ही कथा जरूर वाचा. आंबे विकणारी आई, बाजारात तिच्याशी द्व्यर्थी बोलणारे पुरुष, आणि शरमेनं मेल्याहून मेला झालेला शाळकरी मुलगा. आई त्यांना कशी पुरून उरते, ते मी सांगत नाही.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळं पुस्तक. मीनाक्षी मून आणि ऊर्मिलाताईंनी मिळून केलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’, 1989 चं. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. 1942 च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. अशा सभांना गेलेल्या, त्या भरवणाऱ्या बायका होत्या कुठं? या दोघी त्यांना शोधत फिरल्या, समोर बसून त्यांचं बोलणं टिपून घेतलं. विद्यापीठानं नेमलेल्या नव्हत्या बरं का. नोकरी, घर सांभाळून केलेलं काम आहे हे. आज दलित स्त्रियांच्या चळवळीवर लिहायचं म्हटलं की या पुस्तकाशिवाय पान हलत नाही.

ते वाचून झालं त्या रात्री मला माझी आजी आठवली. आठवली म्हणजे काय, शेजारच्या खोलीतच झोपली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला ती दीक्षाभूमीवर होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायचे मात्र नेहमी आजोबा. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

सकाळी मोबाइल चालू करून तिच्यासमोर ठेवला. आजी, तू काय केलंस तेव्हा?

‘‘मी काय केलं व माय? भाकरी बांधल्या, अन् तुह्या बापाले कडेवर घेतलं.’’

मी गप्प राहिले. ऊर्मिलाताईंकडून शिकले ते एवढंच, घाई करायची नाही.

मग म्हणाली, पांढरं नेसून या असा निरोप होता. घरात पांढरं लुगडं एकच, ते सासूनं नेसलं. हिनं आजोबांचं जुनं धोतर रात्री धुतलं, चुलीच्या उबेवर वाळवलं आणि तेच लुगड्यासारखं नेसून निघाली. आजोबांच्या गोष्टीत हे धोतर कधीच आलं नव्हतं.

‘‘हे कायले भरून घेतेस त्याच्यात?’’ तिनं मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वाटेतल्या मुक्कामाचं सांगू लागली.