होळकरांचा गोरा अधिकारी आणि तंबूची कनात

मी रावेतला राहतो आणि ऑफिस हडपसरला. म्हणजे बसमध्ये वेळच वेळ. हे हडपसर म्हणजे 25 ऑक्टोबर 1802 चं रणांगण, जिथे यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला धूळ चारली. त्या दिवशी होळकरांच्या पलटणी लढवणारा एक अधिकारी होता व्हिकर्स. आणि समोर, शिंद्यांकडून, कॅप्टन डॉज. दोघंही गोरे! तेव्हा हे कॉमन होतं. पगार मराठ्यांचा, कवायत युरोपियन.

पण मराठे आणि इंग्रज यांच्यातच युद्ध पेटलं तर? तू कोणाचा?

आज त्यातल्याच एकाची गोष्ट. विल्यम लिनियस गार्डनर. खानदानी माणूस, काका इंग्लंडच्या आरमारात ॲडमिरल आणि लॉर्ड. हा स्वतः ब्रिटिश फौज सोडून होळकरांच्या नोकरीत आला. खंभातच्या नवाबाशी तहाची बोलणी करायला गेला आणि दरबारात पडदा जरासा हलला. मागे दोन काळेभोर डोळे दिसले. संपलं! तहबिह राहिला बाजूला, गड्याने थेट मागणीच घातली. लग्नात आरशात बायकोचं तोंड बघतात ना, तेव्हा यानं आधी हेच चेक केलं, डोळे तेच आहेत ना. म्हातारपणी त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय. ऐकायला एकदम फिल्मी. फक्त ती मुलगी तेरा वर्षांची होती, आणि तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तिचं नाव माह मुंजिल-उन-निसा.

मग युद्ध आलं. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रजांनी जाहीर केलं, शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिशांनी निघून या. होळकरांनाही आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरवसा वाटेना. 1804 मध्ये त्यांनी व्हिकर्ससह तिघांची मुंडकी उडवली. हो, तोच हडपसरवाला व्हिकर्स.

गार्डनरला होळकरांनी लॉर्ड लेककडे बोलणी करायला पाठवलं होतं. बायको मात्र होळकरांच्या छावणीत, म्हणजे ओलीसच म्हणा. त्याला परतायला उशीर झाला. भर दरबारात होळकरांनी फितुरीचा आरोप केला आणि वर म्हणाले, आज तू आला नसतास तर तुझ्या तंबूच्या कनाती आडव्या केल्या असत्या.

आपल्याला कनात म्हणजे मांडवाचं कापड. पण तिथे कनातीच्या आत जनाना. ती पाडणं म्हणजे बायकोला सगळ्या छावणीसमोर उघड्यावर आणणं. पठ्ठ्यानं तलवार उपसली, थेट होळकरांवर! लोकांनी अडवलं, त्या गोंधळात हा बाहेर, घोड्यावर, पसार.

बरं, होळकरांचीही बाजू बघा. आपला माणूस शत्रूकडे जातो, ठरल्या दिवशी येत नाही. संशय कोणाला येणार नाही? पण मला खटकतं ते हे, की गार्डनर पळाला तेव्हा ती तिथेच होती. जिच्यासाठी तलवार उपसली तिलाच मागे ठेवून. तिला पुढे सुखरूप जाऊ दिलं, हे नशीब. तो शेवटी गवतकाप्याच्या वेशात इंग्रजांच्या छावणीत पोचला.

पुढे 1809 मध्ये त्यानं कंपनीसाठी घोडदळ उभं केलं, गार्डनर्स हॉर्स. तेच आज आपल्या आर्मीत सेकंड लान्सर्स म्हणून आहे. म्हणजे बाजू त्यानं बदललीच. बायको नाही बदलली. उत्तर प्रदेशात कासगंजला दोघं राहिले, दुसरं लग्न केलं नाही याचा त्याला फार अभिमान. सून म्हणून मुघल घराण्यातली मुलगी आली.

29 जुलै 1835 ला तो गेला. महिन्याभराने बेगमही गेली.