न बदलणारा आकडा



बोईसर स्टेशनवर सकाळी गाडीची वाट बघत उभा असलो, की ओळखीचं कुणी ना कुणी भेटतं आणि हमखास एकच प्रश्न विचारतं, "काका, तुम्ही यातले जाणकार. तारापूरची ती जुनी भट्टी अजून किती वर्षं चालवणार?" खरं तर मी तारापूरच्या केंद्रात कधीच नोकरी केलेली नाही. माझी सगळी नोकरी कारखान्यांतले बॉयलर, पाइप आणि वेल्डिंगचे जोड तपासण्यात गेली. पण लोखंड म्हातारं कसं होतं, हे मी चौतीस वर्षं जवळून पाहिलं आहे. त्या अनुभवाच्या आधारेच आज तुमच्याशी बोलणार आहे.

तारापूरचे पहिले दोन संच 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. माणूस चंद्रावर उतरला, ते हे वर्ष. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या. आरंभी प्रत्येकीची क्षमता 210 मेगावॉट होती. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागली, ती बाजूला काढावी लागली आणि 1980च्या दशकात क्षमता 160 मेगावॉटवर आणण्यात आली. शेजारचे 540 मेगावॉटचे चौथा आणि तिसरा संच अनुक्रमे 2005 आणि 2006 साली सुरू झाले; लोक विचारतात ते या थोरल्या दोघांविषयी. त्यांच्या वयाची भावंडं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. स्वित्झर्लंडमधली बेझनाऊची पहिली भट्टी आणि अमेरिकेतली नाइन माइल पॉइंटची पहिली भट्टी याही 1969च्याच.

मग प्रश्न येतो, की भट्टीचं आयुष्य किती? बऱ्याच जणांच्या डोक्यात चाळीस वर्षं हा आकडा पक्का बसलेला असतो. तो आला अमेरिकेतल्या परवान्यांवरून. तिथे पहिला परवाना चाळीस वर्षांचा देत. पण ती मुदत पैशाच्या आणि व्यापारी स्पर्धेच्या विचाराने ठरली होती. चाळिसाव्या वाढदिवशी पोलाद मोडून पडतं, असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. आज तिथल्या अनेक भट्ट्यांना साठ, तर काहींना ऐंशी वर्षांपर्यंत परवानगी मिळाली आहे. याचा अर्थ काळजीचं कारण नाही, असा मात्र अजिबात नाही. भट्टीला एक वय नसतं. तिच्या प्रत्येक भागाला वेगळं वय असतं.

आपल्या किनाऱ्यावरची होडी आठवा. फळी कुजली की बदलतात, शीड फाटलं की नवं घेतात, इंजिनही बदलतात. पण बुडाचा कणा गेला, की होडी संपली. अणुभट्टीचा कणा म्हणजे इंधन पोटात घेऊन उभं असलेलं पोलादी दाबपात्र. ते व्यवहारात बदलता येत नाही. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा सोसून त्याचं पोलाद हळूहळू ठिसूळ होत जातं. गरम काचेच्या ग्लासात थंड पाणी ओतलं तर काय होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. संकटाच्या वेळी तापलेल्या पात्रात एकदम थंड पाणी सोडावं लागलं, तर त्या ठिसूळ पोलादाने तो धक्का सोसला पाहिजे.

आता, चालू भट्टीच्या पात्राचा तुकडा कापून तर बघता येत नाही. म्हणून त्याच पोलादाचे छोटे नमुने सुरुवातीलाच पात्राच्या आत, इंधनाच्या जास्त जवळ टांगून ठेवतात. ते भिंतीपेक्षा लवकर म्हातारे होतात. ठरावीक वर्षांनी एकेक नमुना काढून, तोडून पाहतात आणि भिंतीचं पुढे काय होणार ते आधीच कळतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. काही रशियन पद्धतीच्या भट्ट्यांमध्ये तर पात्र सुमारे 475 अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा पुष्कळसा घालवता आला आहे. आर्मेनियातल्या मेत्सामोर इथे 2021 साली हे काम झालं.

कण्यानंतर येतात पाइप आणि त्यांचे जोड. माझी उमेद गेली ती यांच्यातच. स्टेनलेस पोलादाला गंज चढत नाही, असं आपण समजतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचं काही क्रोमियम कार्बनशी जखडलं जातं आणि पोलादाच्या कणांच्या कडा उघड्या पडतात. त्यात आतून गरम पाणी, पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि धातूत राहिलेला ताण, हे तिघं एकत्र आले की केसासारखी चीर पडते. उकळत्या पाण्याच्या जुन्या भट्ट्यांचं हे जगभरचं दुखणं. त्यावर कमी कार्बनचं पोलाद वापरणं, पाण्याची रासायनिक घडण बदलणं आणि वेळ येईल तेव्हा पाइपच बदलणं, हे उपाय आहेत. तारापूरचे पहिले दोन्ही संच 2020 साली बंद करून दीर्घ दुरुस्तीला घ्यावे लागले, ते पाणी फिरवणाऱ्या अशाच पाइपांच्या कामासाठी. जड पाण्याच्या आपल्या भट्ट्यांचं दुखणं निराळं. तिथे इंधन शेकडो आडव्या नळ्यांत असतं आणि त्या नळ्या कालांतराने लांबतात, मध्ये झोळ पडतो. रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा इथे जुन्या नळ्या काढून नव्या मिश्रधातूच्या बसवण्याचं अवघड काम आपल्याच अभियंत्यांनी केलं. 220 मेगावॉटच्या एका भट्टीत अशा 306 नळ्या असतात.

इथवर ऐकून वाटेल, की तंत्र आहे, उपाय आहेत, मग अडलं कुठे? ते सांगण्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला आवडत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका रासायनिक कारखान्यात पाइपांची जाडी मोजत असे. हातात अल्ट्रासोनिकचं यंत्र आणि काखेत रजिस्टर. वाफेच्या लाइनवर एक वाकण भिंतीला चिकटून, बरंच उंच होतं. तिथे पोहोचायचं तर परांची बांधावी लागे, त्यात दोन दिवस जात. रजिस्टरमध्ये त्या वाकणापुढे ओळीने चार वर्षं एकच आकडा होता, 6.2 मिलिमीटर. आजूबाजूच्या सगळ्या जागांचे आकडे थोडे वरखाली होत होते. हा मात्र जागचा हलत नव्हता. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, ती जागा चांगली आहे. लिही 6.2." आणि श्रोतेहो, मी लिहिलं. खाली सही केली. पाचव्या वर्षीचा तो 6.2 माझ्या अक्षरात आहे.

पुढच्या पावसाळ्यात ते वाकण फुटलं. खालून जाणारा एक हेल्पर पाठीवर आणि दंडावर भाजला. जीव वाचला, पण तो पुन्हा कामावर आला नाही. फुटलेला तुकडा मी नंतर हातात घेऊन पाहिला. कडेला तो पत्र्यासारखा पातळ झाला होता.

या घटनेला बरीच वर्षं लोटल्यावर जपानमधली बातमी वाचली, तेव्हा तो तुकडा मला पुन्हा हातात घेतल्यासारखा वाटला. 9 ऑगस्ट 2004 रोजी मिहामाच्या तिसऱ्या संचात टर्बाइनच्या इमारतीतला गरम पाण्याचा पाइप फुटला. वार्षिक तपासणीच्या तयारीसाठी आत कामगार होते. पाच जण गेले, सहा भाजले. किरणोत्सर्ग नव्हता, मारलं ते पाण्याने आणि वाफेने. मुळात दहा मिलिमीटर जाडीचा तो पाइप वाहत्या पाण्याने झिजून दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ झाला होता. 1976 साली संच सुरू झाल्यापासून ती जागा एकदाही तपासलेली नव्हती, कारण तपासायच्या जागांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. ही चूक लक्षात येऊन तपासणी ठरली होती, पण पाइप त्याआधी काही दिवस फुटला. अशा पाइपांची झीज कशी होते, हे शास्त्राला तेव्हा चांगलं ठाऊक होतं. चुकली ती यादी.

म्हणून मी म्हणतो, की जुना भाग धोक्याचा असतोच असं नाही. न पाहिलेला भाग धोक्याचा असतो. आणि अणुवीज केंद्रात न पाहण्याला कारणंही भरपूर मिळतात. आमच्याकडे परांचीचा कंटाळा होता. तिथे किरणोत्सर्ग असतो. माणसाला काही मिनिटंच थांबता येतं. भट्टी बंद ठेवली तर दररोज लाखो युनिट विजेचा हिशेब डोक्यावर असतो. अशा वेळी "जागा चांगली आहे, लिही" हे वाक्य फार सोपं असतं.

याची दुसरी बाजूही सांगतो. 2021च्या अखेरीस फ्रान्समध्ये सिव्हो इथल्या भट्टीत, सुरक्षेसाठी पाणी सोडणाऱ्या पाइपांना चिरा सापडल्या. या भट्ट्या तेव्हा तिथल्या सगळ्यांत तरुण गटातल्या होत्या. म्हाताऱ्या भट्ट्यांना न झालेलं दुखणं तरुणांना झालं, कारण पाइपांची मांडणी बदलली होती. तिथल्या अभियंत्यांनी काय केलं? एकामागून एक भट्ट्या थांबवल्या, जोड कापून तपासले, पाइप बदलले. 2022 साली फ्रान्सची अणुवीज कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली, तेही युरोपात विजेची चणचण असताना. नुकसान मोठं झालं. पण चीर त्यांनी शोधली. चिरेने त्यांना शोधलं नाही.

आणखी एक म्हातारपण आहे, ते यंत्रात दिसत नाही. ते ज्ञानाचं. फुकुशिमाच्या पहिल्या संचाला चाळीस वर्षं होत आली म्हणून फेब्रुवारी 2011मध्ये आणखी दहा वर्षांची परवानगी मिळाली. पुढच्याच महिन्यात त्सुनामी आली. तिथे पाइप झिजून घात झाला नाही. समुद्राविषयीचा अंदाज जुना झाला होता. केंद्राने सहा मीटरपेक्षाही कमी उंचीची लाट धरली होती. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते, असा हिशेब 2008 साली कंपनीच्या हाती आला होता. तो कागदावरच राहिला. भट्टी बंद झाली तरी तिच्यातली उष्णता लगेच जात नाही, पंप चालू ठेवावे लागतात. पाण्याने डिझेल जनित्रं बुडाली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून जुनं केंद्र चालवायचं, तर नुसती डागडुजी पुरत नाही. त्याला आजच्या ज्ञानाच्या कसोटीला पुन्हा बसवावं लागतं. तारापूरमध्ये 2005-06 साली दोन्ही संच काही महिने थांबवून हेच झालं. जास्त क्षमतेची डिझेल जनित्रं आली, दोन संचांच्या सुरक्षा यंत्रणा एकमेकांपासून वेगळ्या केल्या, पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांची फेरतपासणी होऊन बाहेरून पाणी जोडण्याच्या सोयी वाढवल्या गेल्या. अणुऊर्जा नियामक मंडळ दर दहा वर्षांनी प्रत्येक केंद्राचा सर्वंकष सुरक्षा आढावा घ्यायला लावतं, तोही याचसाठी.

शेवटी माणसांचं वय. ज्याने पाइप बसवताना पाहिले, तो निवृत्त होतो आणि कुठला जोड घाईत झाला होता ही माहिती त्याच्याबरोबर घरी जाते. सुटे भाग बनवणारी कंपनी बंद पडते. म्हणून चांगल्या केंद्राची खरी मालमत्ता त्याची रजिस्टरं असतात. प्रत्येक सुरुवात, प्रत्येक बंद, प्रत्येक मोजमाप, आणि तेही खरं.

मग बोईसर स्टेशनवरच्या प्रश्नाला मी काय उत्तर देतो? मी म्हणतो, बाबा, किती वर्षं चालणार, हे विचारू नकोस. गेल्या खेपेला काय तपासलं, काय सापडलं आणि सापडल्यावर काय केलं, हे विचार. ज्या केंद्राकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, त्याचं वय मला फारसं भिववत नाही. ज्याच्या रजिस्टरमध्ये सगळं वर्षानुवर्षं चांगलंच असतं, ते नवं कोरं असलं तरी मला झोप येणार नाही. आणि ही उत्तरं मागण्याचा पहिला हक्क किनाऱ्यावर राहणाऱ्या, तिथल्या पाण्यात जाळं टाकणाऱ्या आपल्या माणसांचा आहे. सोप्या मराठीत ती त्यांना मिळायला हवीत.

त्या कारखान्यातून निघालो, त्यानंतर मी शेकडो वाकणं मोजली. सलग दोन वेळा तोच आकडा आला, की परांची पुन्हा बांधायला सांगत असे. लोक कुरकुरायचे. मी बांधून घ्यायचो आणि स्वतः वर चढायचो.