गटाच्या गाडीला साईड गार्ड लावताना



आज गटाच्या गाडीबद्दल बोलू या. आपल्या जिल्ह्यात काही गटांनी मिळून जीप किंवा बोलेरो घेतली आहे. डाळ, मसाले, सीताफळं बाजाराला न्यायची, परत येताना किराणा आणायचा, अडीअडचणीला दवाखान्याची खेप करायची. ही गाडी बहुतेक वेळा बँकेकडे तारण असते आणि हप्ता आपल्या बचतीतून जातो. म्हणून गाडीचं जे काही होईल, ते दहा-बारा घरांचं होतं.

आपले रस्ते कसे आहेत ते तुम्हाला सांगायला नको. वर जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुडा, खाली अजिंठ्याची डोंगररांग. नाल्याचं पाणी ओसरलं की खडक उघडे पडतात. पुढचं चाक खडकावरून उतरतं, मागचं अजून चढायचं असतं, आणि मधली गाडी खडकावर टेकते. मार बसतो तो दाराखालच्या पट्टीला. ही पट्टी चेपली की दार नीट लागत नाही, रंग उडतो, पाणी शिरतं, आणि वर्षा-दोन वर्षांत गंज पत्रा खाऊन टाकतो.

यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, जाड लोखंडी पाईप वेल्डिंग करून बसवतात. डोंगरात गाड्या चालवण्याचा छंद असलेले लोक त्याला रॉक स्लायडर म्हणतात. आपले गॅरेजवाले साईड गार्ड म्हणतात. गाडी खडकावर टेकली तर वजन पाईपवर येतं आणि गाडी त्याच्यावरून सरकून पुढे जाते.

पण पहिली गोष्ट लक्षात ठेवा. पायरी वेगळी आणि गार्ड वेगळा. चढायला लावलेली पायरी एका माणसाचं वजन पेलते. गार्डवर अर्धी गाडी टेकते. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गटाच्या गाडीला कारागिराने पाईप थेट दाराखालच्या पातळ पत्र्याला चिकटवला होता. दिसायला छान होता. पहिल्याच नाल्यात पाईप वर दाबला गेला आणि पत्रा फाडून गेला. पाईप नसता तर नुकसान कमी झालं असतं.

म्हणून गार्ड चेसिसलाच जोडायचा. चेसिस म्हणजे गाडीच्या खालचे दोन लांब लोखंडी तुळये, ज्यावर सगळी गाडी उभी असते. महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती अशाच चेसिसवर उभी होती. बोलेरोही तशीच आहे. पण बऱ्याच कारना आणि काही व्हॅनना वेगळी चेसिस नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. अशा गाडीला हा गार्ड वेल्डिंगने लावू नका.

आता गॅरेजमध्ये काय बघायचं ते सांगते. ड्रायव्हरभाऊंवर सोडून घरी येऊ नका. गटातल्या दोघी तरी तिथे थांबा.

पाईप काळा घ्या, साधारण दोन इंच जाडीचा आणि चार मिलिमीटर भिंतीचा. असा पाईप मीटरला चार किलोपेक्षा थोडा जास्त भरतो. आडवे पाईप आणि आधार धरून दोन्ही बाजूंचं मिळून चाळीस किलोच्या आसपास वजन वाढतं. तेवढा माल कमी भरायचा. पांढरा जी.आय. पाईप नको. त्याच्यावर जस्ताचा थर असतो. तो जळाला की निघणाऱ्या धुराने कारागिराला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो.

प्रत्येक बाजूला तीन-चार आधार हवेत. आधार चेसिसला टेकतो तिथे आधी पाच-सहा मिलिमीटर जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी लावायची, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. वेल्डिंग चेसिसच्या उभ्या बाजूवर करायचं, वरच्या-खालच्या कडेवर नाही. कड जाळली की चेसिसला तिथेच तडा जातो. जागा घासून लोखंड चकचकीत करायचं, रंगावर वेल्डिंग धरत नाही.

आधी फक्त टाके मारायला सांगा. मग चारही दारं उघडून लावून बघा. सगळं बरोबर असेल तरच पक्कं वेल्डिंग. तेही एका दमात नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, नाहीतर उष्णतेने लोखंड ओढलं जातं.

वेल्डिंग सुरू होण्याआधी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. एक, बॅटरीची वायर काढायची, काळी आधी. नव्या गाड्यांमधला कंप्युटर वेल्डिंगच्या करंटने जळू शकतो. दोन, वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा. तीन, चेसिसच्या आतल्या बाजूने डिझेलचे पाईप, ब्रेकचे पाईप आणि वायरिंग जातं. ते बघून बाजूला घ्यायचं किंवा ओलं गोणपाट लावायचं. आतल्या चटया, गालिचा उचलायचा. टाकी रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. टाकीजवळ काम निघालं तर टाकी उतरवूनच करायचं. चार, वाळूची बादली आणि आग विझवण्याचं नळकांडं जवळ ठेवायचं. काम संपल्यावर अर्धा तास थांबून, कुठे धूर तर निघत नाही ना, ते बघायचं.

लेकरांना तिथे नेऊ नका आणि उघड्या डोळ्यांनी ठिणगी बघू नका. त्या वेळी काही वाटत नाही. पाच-सात तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. मग कुणी दूध सांगतं, कुणी बटाटा. डोळ्यात काहीही घालू नका. डोळे मिटून अंधारात पडा आणि डॉक्टरांना दाखवा.

गार्ड बसला म्हणजे काम संपलं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जवळचा रंग जळतो, चेसिसच्या आतून सुद्धा. वरची खपली ठोकून काढायची, तारेच्या ब्रशने घासायचं, प्रायमरचे दोन हात, त्यावर रंगाचे दोन हात. पाईपची तोंडं पूर्ण बंद करायची. पाईपमध्ये पाणी साठायला जागा राहत असेल तर सगळ्यात खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवायचं.

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली गावं आहेत. तिथल्या मैत्रिणींनी जास्त लक्ष द्यावं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली तर गंज लवकर धरतो. पावसाळ्यात तर काळी माती आधारांच्या खाचांत अडकून ओल धरून ठेवते. ती काढा, आणि शेवटचं पाणी गोड्या पाण्याचं मारा. महिन्यातून एकदा खाली वाकून टॉर्चने बघा. वेल्डिंगच्या कडेला तांबूस बारीक रेघ दिसली तर ती तडा असू शकते. गाडी नाल्यात घालण्याआधी दाखवा.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत हवे तसे बदल करता येत नाहीत. पुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आधी आपल्या आरटीओ कार्यालयात गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या. विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवा. उद्या अपघात झाला आणि विम्याने हात वर केले, तर हप्ते आपल्यालाच फेडायचे आहेत. पाईप गाडीच्या बाहेर काढू नका, शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या पायाला तो लागतो.

उत्तर नाही आलं, किंवा नको असं आलं, तर गार्ड लावू नका. नाल्याआधी माणसं उतरवायची, एकीने पुढे उभं राहून ड्रायव्हरला वाट दाखवायची, मोठा दगड हलवायचा. याला एक रुपया लागत नाही. आणि गार्ड लावलेल्या गाडीलाही हे चुकत नाही, कारण गार्ड खडकावर टेकायला असतो, आपटायला नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. गाडीखाली कोण बघणार, कोणत्या तारखेला बघणार, हे इतिवृत्तात लिहा. कर्जावर जशी आपली सगळ्यांची सही असते, तशी या कामावरही असू द्या.